युद्धकाळातली ब्रिटिश सचित्र साप्ताहिकं आणि त्यांतली पुस्तक, नाटक, सिनेमा परीक्षणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या ब्रिटिश सचित्र साप्ताहिकांची पानं आता घरबसल्या पाहता येतात. बहुतेक जण चित्रं बघतात, दोन-चार जाहिराती बघून हसतात आणि पुढे जातात. मधल्या बारीक टायपातली परीक्षणं वाचायला लागलेल्यांकडून मात्र तेच ते प्रश्न येत राहतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. मी स्वतः नाटकवेडा असल्यामुळे नाटकाला जरा झुकतं माप मिळालंय, ते चालवून घ्या.

ही साप्ताहिकं म्हणजे नेमकी कोणती?

सगळ्यांत थोरलं ‘द इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’. हर्बर्ट इनग्राम यांनी ते मे १८४२मध्ये सुरू केलं. १८६९मध्ये ‘द ग्राफिक’ आलं, १८७४मध्ये खेळ आणि रंगभूमीला वाहिलेलं ‘इलस्ट्रेटेड स्पोर्टिंग अँड ड्रॅमॅटिक न्यूज’, १८९३मध्ये ‘द स्केच’. बोअर युद्ध ऐन भरात असताना, जानेवारी १९००मध्ये, क्लेमेंट शॉर्टर यांनी ‘द स्फिअर’ काढलं आणि पुढच्याच वर्षी ‘द टॅटलर’. १९०३मध्ये ‘द बायस्टँडर’ची भर पडली.

प्रत्येकाचा तोंडवळा वेगळा. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ आणि ‘स्फिअर’ गंभीर, शनिवारी निघणारी. ‘स्केच’ आणि ‘टॅटलर’ बुधवारची, नटनट्या, लग्नं, घोड्यांच्या शर्यती आणि उमरावांच्या मेजवान्या यांत रमणारी. दुसऱ्या महायुद्धात कागदटंचाईनं सगळ्यांचीच पानं कमी झाली. १९४०च्या अखेरीस ‘टॅटलर’ आणि ‘बायस्टँडर’ एकाच वेष्टनात आली.

युद्धाच्या बातम्या सोडून नाटका-सिनेमाची परीक्षणं कशाला वाचायची?

कारण बातमीवर पहारा होता, परीक्षणावर तितका नव्हता. आघाडीवर काय चाललंय हे लष्कर सांगेल तेवढंच छापता येत होतं. नाटकाबद्दल लिहिणारा मात्र सहज लिहून जातो की प्रेक्षागृह अर्धं खाकीत होतं, प्रयोग संध्याकाळी सहाला सुरू झाला, मध्येच हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला आणि कोणी उठलं नाही. त्याला हे बातमी म्हणून सांगायचं नसतं, म्हणूनच ते विश्वासाचं वाटतं.

नाटक चांगलं होतं की वाईट, हे कळायला ही परीक्षणं फारशी कामाची नाहीत. त्या आठवड्यात लोकांना काय हवं होतं, काय बोललेलं चालत होतं आणि काय गिळून टाकायचं असे, ते त्यांतून कळतं. माझ्या मते त्यांचा खरा उपयोग तोच आहे.

बॉम्ब पडत असताना नाटकं चालू होती?

चालू होती, पण सलग नाही. ३ सप्टेंबर १९३९ला युद्ध जाहीर झालं आणि सरकारनं देशभरातली सगळी थिएटरं, सिनेमागृहं बंद केली. बर्नार्ड शॉ यांनी ‘द टाइम्स’ला पत्र लिहून या हुकमाच्या अकलेचे वाभाडे काढले. दोन आठवड्यांच्या आत दारं हळूहळू उघडू लागली.

सप्टेंबर १९४०मध्ये लंडनवर बॉम्बहल्ले सुरू झाले तेव्हा वेस्ट एंड हा लंडनचा नाटकांचा भाग पुन्हा जवळजवळ ठप्प झाला. त्याच महिन्याच्या २४ तारखेला शाफ्ट्सबरी अॅव्हेन्यूवरच्या क्वीन्स थिएटरवर बॉम्ब पडला. तिथे ‘रिबेका’ लागलं होतं. विंडमिल थिएटर त्या काळातही चालू राहिलं आणि पुढे ‘आम्ही कधीच बंद नव्हतो’ हे त्याचं ब्रीद झालं. सक्तीच्या बंदीतले १९३९चे ते दिवस ते सोयीस्कर विसरले, ही गोष्ट वेगळी. ऑक्टोबरमध्ये डोनल्ड वुल्फिट यांनी स्ट्रँड थिएटरात दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत शेक्सपिअर सुरू केला. रात्री बाहेर पडायची सोय नाही, तर कचेरीतल्या माणसांनी डबा खाताखाता नाटक बघावं, असा हिशोब.

भोंगा वाजला की प्रेक्षकांना सूचना दिली जाई. ज्यांना जायचं त्यांनी जावं, प्रयोग चालू राहील. बहुतेक बसून राहत. रात्रीचे प्रयोग अलीकडे आणले गेले, म्हणजे ब्लॅकआउटमध्ये, दिवे विझवलेल्या शहरात, घरी पोचणं सोपं. पहिल्या रात्रीचे उंची पोशाखही गेले. ‘टॅटलर’सारख्या साप्ताहिकाची निम्मी जागा एरवी त्या पोशाखांवर खर्ची पडायची, तेव्हा ही उणीव त्यांना किती जाणवली असेल याची कल्पना करा.

१९४४च्या उन्हाळ्यात उडते बॉम्ब यायला लागले आणि पुन्हा एकदा बरीच थिएटरं बंद पडली. जुने अंक चाळताना एखाद्या महिन्यात नाटकाचं पान अचानक रोडावलेलं दिसलं, तर आधी तारीख बघा.

पहिल्या महायुद्धात लोक काय बघत होते?

करमणूक, आणि भरपूर. ‘चू चिन चौ’ ऑगस्ट १९१६मध्ये हिज मॅजेस्टीज थिएटरात लागलं. अलिबाबा आणि चाळीस चोरांचीच गोष्ट, गाणी आणि उंट-गाढवांसकट. युद्ध संपलं तरी ते चालूच होतं. १९२१मध्ये उतरलं तेव्हा २,२३८ प्रयोग झाले होते. १९१६च्याच एप्रिलमध्ये अल्हाम्ब्रा थिएटरात ‘द बिंग बॉइज आर हिअर’ आलं, आणि फेब्रुवारी १९१७मध्ये ‘द मेड ऑफ द माउंटन्स’. त्याचे १,३५२ प्रयोग झाले.

बघणारे कोण? आठ-दहा दिवसांच्या रजेवर खंदकातून आलेले पोरगेलेसे अधिकारी आणि त्यांच्यासोबत आलेली घरची माणसं. हे समीक्षकांना ठाऊक होतं. त्यामुळे एरवी अशा नाटकाला झोडपणारा माणूसही हात राखून लिहितो. ‘नाटक सामान्य आहे, पण रजेवरच्या मुलांना आवडेल’ या धाटणीचं वाक्य एकदा ओळखू आलं की पुढे सगळीकडे दिसायला लागतं. मे १९१६पासून तिकिटांवर करमणूक कर बसला, तरी गर्दी हटली नाही.

युद्धावरचं म्हणाल तर सगळ्यांत गाजलेलं नाटक एका साप्ताहिकाच्याच पोटातून जन्मलं. ब्रूस बेर्न्सफादर हे खंदकात राहिलेले अधिकारी ‘बायस्टँडर’साठी व्यंगचित्रं काढत. त्यांचा ओल्ड बिल हा झुपकेदार मिशांचा कुरकुऱ्या शिपाई घराघरांत पोचला. ऑगस्ट १९१७मध्ये त्याच्यावर बेतलेलं ‘द बेटर ओल’ ऑक्सफर्ड म्युझिक हॉलमध्ये आलं आणि आठशेच्या वर प्रयोग झाले. साप्ताहिकानं पात्र दिलं, रंगभूमीनं ते उचललं आणि सगळीच साप्ताहिकं मग त्याचे फोटो छापू लागली.

परीक्षणं लिहिणारे कोण होते?

बरेचदा नावाजलेले लेखक. सर जॉन स्क्वायर ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये दर आठवड्याला पुस्तकांवर लिहीत. ‘संडे टाइम्स’चे नाट्यसमीक्षक जेम्स एगेट ‘टॅटलर’मध्ये सिनेमावर लिहीत. सिनेमा ही आपल्या योग्यतेपेक्षा खालची कला, असा त्यांचा सूर लपत नाही, आणि तरीही वाचायला मजा येते. पहिल्या महायुद्धात ते स्वतः फ्रान्समध्ये लष्कराच्या रसद विभागात होते.

हर्बर्ट फार्जन एका बाजूला नाट्यसमीक्षा लिहीत आणि दुसऱ्या बाजूला स्वतःच छोटी विनोदी नाट्यगीतांची मालिका रंगभूमीवर आणत. ऑक्टोबर १९४०मध्ये, बॉम्बवर्षावाच्या ऐन दिवसांत, विंडम्स थिएटरात त्यांचं ‘डायव्हर्शन’ लागलं. त्यात ईडिथ इव्हान्सही होत्या आणि अगदी कोवळे पीटर उस्तिनोव्हही.

‘टॅटलर’मधली पुस्तकांची जुनी जागा रिचर्ड किंग यांची होती. दुसऱ्या महायुद्धात तिथे कादंबरीकार एलिझाबेथ बोवेन लिहू लागल्या. या सगळ्यांतून एकीला निवडायचं तर मी बोवेनना निवडेन. त्या रात्री हवाई हल्ल्याच्या पहारेकरी म्हणून गस्त घालत आणि दिवसा कथा व परीक्षणं लिहीत. रीजंट्स पार्कजवळचं त्यांचं घर १९४४मध्ये बॉम्बनं खिळखिळं झालं. उच्चभ्रूंच्या गप्पांच्या साप्ताहिकात इतकं कसदार लेखन सापडेल असं कोणालाच वाटत नाही, म्हणून ते दुर्लक्षित राहिलं.

समीक्षकांवर सेन्सॉर होता का?

थेट असा फारसा नाही. मुळात नाटक रंगमंचावर येण्याआधीच लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या कचेरीतून मंजूर व्हावं लागे, आणि हा नियम १९६८पर्यंत टिकला. म्हणजे समीक्षकाच्या हातात येणारं नाटक आधीच चाळून आलेलं. टेरेन्स रॅटिगन यांच्या ‘फॉलो माय लीडर’चं उदाहरण घ्या. हिटलरची टर उडवणारं हे प्रहसन १९३८मध्ये नाकारलं गेलं, कारण तेव्हा जर्मनीला दुखवायचं नव्हतं. १९४०मध्ये तेच नाटक मंजूर झालं. तोवर त्यातली गंमत शिळी झाली होती.

साप्ताहिकांना पाळायची बंधनं होती ती ठिकाणं, हवामान, सैन्याच्या हालचाली यांबाबत. बाकी सगळं संपादकाच्या समजुतीवर. आणि ती समजूत भलतीच कडक असू शकते, हे पुढच्या उत्तरात येईल.

एखाद्या परीक्षणानं खरंच कोणाचं नुकसान झालं का?

झालं, आणि ते प्रकरण जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे.

३० सप्टेंबर १९१५ला मेथ्यून या प्रकाशनसंस्थेनं डी. एच. लॉरेन्स यांची ‘द रेनबो’ ही कादंबरी बाजारात आणली. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात दोन परीक्षणं एकापाठोपाठ आली. जेम्स डग्लस यांचं ‘द स्टार’ या दैनिकात, आणि क्लेमेंट शॉर्टर यांचं ‘स्फिअर’मध्ये. शॉर्टर काही सोवळे गृहस्थ नव्हते. ब्राँटे भगिनींवर संशोधन केलेला, पुस्तकांत बुडालेला माणूस. त्यांचं ‘ए लिटररी लेटर’ हे सदर वर्षानुवर्षं चाललं. पण या कादंबरीपुढे फ्रेंच कादंबरीकार झोलाही सौम्य वाटावा, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोलिसांनी प्रती जप्त केल्या. १३ नोव्हेंबरला बो स्ट्रीटच्या दंडाधिकाऱ्यांपुढे सुनावणी झाली आणि फिर्यादी पक्षानं ही दोन परीक्षणं पुरावा म्हणून पुढे केली. मेथ्यूननं लढायचं टाळलं, खर्चाचे दहा गिनी भरले आणि माफी मागितली. १,०११ प्रती नष्ट करण्याचा हुकूम निघाला. कायदा अश्लीलतेचा होता, १८५७चा.

पण वर्ष १९१५चं आहे हे विसरू नका. कादंबरीची नायिका आपल्या सैनिक प्रियकराला तोंडावर विचारते की तुझ्या लढण्याला अर्थ काय. लॉरेन्स यांची पत्नी फ्रीडा जर्मन, रिश्टहोफेन घराण्यातली. फ्रान्समधल्या लुसच्या लढाईतल्या मृतांच्या याद्या तेव्हा रोज छापून येत होत्या. कोर्टात युद्धाचं नाव फारसं निघालं नसेल, पण ते त्या खोलीत होतंच. चकचकीत कागदावरच्या साहित्य सदरातला एक मजकूर असा थेट आगीपर्यंत जाऊन पोचला.

आणि समीक्षकाचंच कधी नुकसान झालं का?

जे. टी. ग्राइन यांचं झालं. जन्मानं डच. १८९१मध्ये इंडिपेंडंट थिएटर काढून त्यांनी लंडनला इब्सेनचं ‘घोस्ट्स’ दाखवलं, आणि पुढच्या वर्षी शॉ यांचं पहिलं नाटकही त्यांनीच मंचावर आणलं. १९१८च्या वसंतात त्यांनी मॉड अॅलन या नर्तिकेला घेऊन ऑस्कर वाइल्डचं ‘सालोमे’ खाजगी प्रयोग म्हणून बसवायला घेतलं. नोएल पेंबर्टन बिलिंग नावाच्या खासदारानं आपल्या वृत्तपत्रात त्यावर अत्यंत घाणेरडा मजकूर छापला. जर्मनांकडे ४७,००० ब्रिटिश ‘विकृत’ लोकांची नावं असलेली काळी वही आहे, असाही त्याचा दावा होता.

ग्राइन आणि अॅलन यांनी अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला भरला. जून १९१८मध्ये बिलिंग निर्दोष सुटला आणि बाहेर लोकांनी त्याचा जयजयकार केला. ग्राइन यांना ‘संडे टाइम्स’मधली जागा सोडावी लागली. नंतर ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ आणि ‘स्केच’मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि १९३५मध्ये मृत्यू येईपर्यंत लिहीत राहिले. त्यांच्या पत्नी मायकेल ओर्म या पुरुषी टोपणनावानं त्याच साप्ताहिकांत सिनेमावर लिहीत.

ग्राइन यांच्या उत्तरायुष्यातल्या परीक्षणांत एक मऊपणा आहे, नव्या लोकांना सांभाळून घेण्याची सवय आहे. हा खटला माहीत असला की ती वेगळी वाटते.

सिनेमाला ही मंडळी गंभीरपणे घेत होती का?

पहिल्या महायुद्धात सुरुवातीला अजिबात नाही. मग ऑगस्ट १९१६मध्ये ‘द बॅटल ऑफ द सोम’ आला. जिऑफ्री मॅलिन्स आणि जे. बी. मॅकडॉवेल या दोन कॅमेरामननी चालू लढाईत चित्रित केलेला माहितीपट, आणि ती लढाई अजून संपलेलीही नव्हती. पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे दोन कोटी तिकिटं विकली गेली असं मानतात. सचित्र साप्ताहिकांनी त्यातली दृश्यं छापली. डरहॅमच्या डीननी ‘टाइम्स’ला पत्र लिहून विचारलं की माणसं मरताना बघणं ही करमणूक कशी? उलट बाजूनं, ज्यांची मुलं तिथे होती अशा घरांतून उत्तरं आली की आम्हाला बघायचंय.

यातलं सगळ्यांत प्रसिद्ध दृश्य, शिपाई खंदकाच्या कडेवर चढतात आणि एक जण घसरून मागे पडतो, ते आघाडीमागे रचून घेतलेलं होतं. बारकाईनं पाहिलं तर त्या शिपायांच्या पाठीवर सामान नाही, आणि ज्या जागी कॅमेरा आहे तिथे खऱ्या हल्ल्यात कोणी उभं राहू शकलं नसतं. तेव्हाच्या प्रेक्षकांना ते खरं वाटलं आणि अंगावर आलं. पुढची कित्येक वर्षं हेच दृश्य खऱ्या लढाईचा फोटो म्हणून पुस्तकांत छापलं गेलं.

दुसऱ्या महायुद्धात चित्र पालटलं होतं. १९३९मध्ये आठवड्याला सुमारे १.९ कोटी तिकिटं विकली जात, १९४५पर्यंत तीन कोटींच्या आसपास. ‘गॉन विथ द विंड’ एप्रिल १९४०मध्ये लंडनला लागला आणि बॉम्बवर्षाव झेलून १९४४पर्यंत चालला. ‘द ग्रेट डिक्टेटर’ डिसेंबर १९४०मध्ये, ‘इन विच वी सर्व्ह’ सप्टेंबर १९४२मध्ये. ‘द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिंप’ थांबवायचा चर्चिल यांनी मनापासून प्रयत्न केला. जून १९४३मध्ये तो तरीही आला, पण परदेशी पाठवायला मात्र बराच काळ अडवून ठेवला गेला.

मग सगळी परीक्षणं गोडगोडच असणार?

देशभक्तीपर सिनेमाच्या बाबतीत बरीचशी, हो. आरमारावरच्या चित्रपटाला नावं ठेवायला धीर लागतो, कारण वाचणाऱ्याचा मुलगा त्याच आरमारात असतो. अशा वेळी समीक्षक छायाचित्रणाची तोंडभरून स्तुती करतात आणि कथेबद्दल एक अक्षर काढत नाहीत. ते न काढलेलं अक्षर वाचायला शिका.

विनोदाच्या बाबतीत मात्र मतं मोकळी असत. ‘ब्लाइद स्पिरिट’चं बघा. जुलै १९४१, पिकॅडिली थिएटर. आदल्या हल्ल्यातल्या ढिगाऱ्यावर टाकलेल्या फळ्यांवरून प्रेक्षक आत आले, असं नाटककार नोएल कॉवर्ड यांनी स्वतः सांगून ठेवलंय. आणि आत काय, तर मेलेल्या बायकोचं भूत घरात वावरतंय आणि सगळे हसतायत. गावात खरे मृतदेह निघत असताना मरणावर विनोद? काहींना ते अभिरुचीहीन वाटलं. प्रेक्षकांनी मात्र १,९९७ प्रयोग उचलून धरले. संगीतिका सोडून बाकी नाटकांतला हा विक्रम ‘द माउसट्रॅप’नं मोडेपर्यंत टिकला.

परीक्षण यायचं, पण पुस्तक मिळायचं का?

हा प्रश्न फार थोडे विचारतात आणि तो फार चांगला आहे. बरेचदा मिळायचं नाही. १९४०मध्ये कागदाचं रेशनिंग आलं. प्रकाशकांना युद्धापूर्वीच्या वापराच्या ६० टक्के कागद, आणि पुढे तो ३७.५ टक्क्यांपर्यंत घसरला. त्यात २९ डिसेंबर १९४०च्या रात्री सेंट पॉल्सजवळची पॅटरनॉस्टर रो ही पुस्तकवाल्यांची गल्ली जळाली. पन्नास लाखांहून अधिक पुस्तकं एका रात्रीत गेली.

१९४२पासून पुस्तकांनाही काटकसरीचे नियम लागले, म्हणजे बारीक टाइप, अरुंद समास, पातळ कागद. त्यामुळे पुष्कळ वाचकांना नव्या पुस्तकाची ओळख परीक्षणातूनच व्हायची आणि तिथेच थांबायची. म्हणून त्या काळची पुस्तक परीक्षणं गोष्ट नीट सांगतात, उतारे देतात. आज ती लांबण वाटते, तेव्हा ती सोय होती.

पहिल्या महायुद्धावरची गाजलेली पुस्तकं या अंकांत का सापडत नाहीत?

कारण ती दहा वर्षांनी आली. ब्लंडन यांचं ‘अंडरटोन्स ऑफ वॉर’ १९२८चं, ग्रेव्ह्ज यांचं ‘गुडबाय टू ऑल दॅट’ १९२९चं. कवी विल्फ्रेड ओवेन युद्ध संपायच्या आठवडाभर आधी मारले गेले, त्यांचा कवितासंग्रह १९२०मध्ये निघाला. १९१५-१८च्या अंकांत तुम्हाला रूपर्ट ब्रुक, इयन हे, आणि १९१६चं एच. जी. वेल्स यांचं ‘मिस्टर ब्रिटलिंग सीज इट थ्रू’ भेटेल. तेव्हाचे लोक हेच वाचत होते. आपण शाळा-कॉलेजात जे ‘महायुद्धाचं साहित्य’ शिकतो ते त्यांच्या टेबलावर नव्हतंच.

नाटकांचे फोटो प्रयोगातलेच असतात ना?

बहुतेक नसतात. खास वेळ काढून, नटांना जागेवर उभं करून, वेगळे दिवे लावून ते घेतले जात, बरेचदा पहिल्या प्रयोगाच्या आधी. म्हणून फोटोओळीतला संवाद आणि परीक्षणातला प्रवेश जुळत नाहीत. पुष्कळदा फोटो एका अंकात आणि परीक्षण पुढच्या अंकात. अँगस मॅकबीन यांनी ‘स्केच’साठी नट्यांची काढलेली अतिवास्तव छायाचित्रं तर नाटकाशी नावापुरतीच जोडलेली असतात, आणि तरीही त्या पानांवरची सगळ्यांत सुंदर गोष्ट तीच.

या सगळ्यात मराठी किंवा मुंबईचा काही धागा?

थोडे आहेत, ओढूनताणून आणायची गरज नाही. दादासाहेब फाळके १९१४मध्ये आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले. ‘बायोस्कोप’ या सिनेमाधंद्याच्या साप्ताहिकानं त्यांची वाखाणणी केली. त्याच ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं, पैसे लावणाऱ्यांनी हात आखडता घेतला आणि नाशिकचा कारखाना अडचणीत आला.

मर्ल ओबेरॉन १९११मध्ये मुंबईत जन्मल्या. पण त्यांचा जन्म टास्मानियातला असल्याची थाप प्रसिद्धीवाल्यांनी पसरवली होती आणि ती जन्मभर चालली. १९३९च्या ‘द लायन हॅज विंग्ज’ या युद्धप्रचाराच्या चित्रपटात त्या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीच्या भूमिकेत आहेत. त्या सुमाराच्या अंकात त्यांचं नाव दिसलं की हे आठवावं.

तिसरा धागा वेणू चितळे यांचा. कोल्हापूर भागातल्या या लेखिका युद्धकाळात लंडनला बीबीसीच्या भारत विभागात जॉर्ज ऑरवेल यांच्यासोबत काम करत होत्या. १९४२च्या ‘व्हॉइस’ या काव्यविषयक कार्यक्रमाच्या फोटोत टी. एस. एलियट आणि मुल्कराज आनंद यांच्याबरोबर त्याही दिसतात. साप्ताहिकांच्या पुस्तक सदरांत जी नावं येत होती, ती माणसं या बाईंच्या रोजच्या ऊठबशीतली होती.

शोध कसा घ्यायचा? नाव टाकलं तर काहीच येत नाही.

‘ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह’वर यांतली बरीचशी साप्ताहिकं आहेत, पैसे भरून. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’चा वेगळा संग्रह मोठ्या ग्रंथालयांमार्फत पाहता येतो. काही जुने खंड ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर फुकट आहेत. मुंबईत एशियाटिक सोसायटीसारख्या जुन्या ग्रंथालयांत चौकशी जरूर करा.

अडचण अशी की ही पानं गोल, तिरप्या चित्रांभोवती मजकूर वळवून छापलेली असत. यंत्राला ओळी सरळ वाचता येत नाहीत. नाटकाच्या नावाऐवजी थिएटरचं नाव किंवा दुय्यम नटाचं नाव टाकून बघा. सिनेमासाठी ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये ‘किनेमा’ असं स्पेलिंग आहे, तेही वापरा. पहिल्या प्रयोगाच्या तारखेपासून पुढचे तीन-चार अंक पान-पान उलटणं हाच शेवटी खात्रीचा उपाय. शोध घेताना शेजारची पानंही बघा. पहिल्या महायुद्धातल्या अंकांत संगीतिकेच्या फोटोंपासून हाताच्या अंतरावर बर्बरीच्या ट्रेंच कोटाची आणि खंदकात नेता येणाऱ्या डेक्का ग्रामोफोनची जाहिरात असते. तोच वाचक, तोच पैसा.

सुटी पानं ऑनलाइन विकायला दिसतात. घ्यावीत का?

भिंतीवर लावायला घ्या. अभ्यासाला नको. विक्रेते बांधीव खंड फोडून चित्राचं पान तेवढं विकतात, आणि परीक्षण पाठीमागच्या किंवा पुढच्या पानावर असतं, ते रद्दीत जातं. खंड फोडणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे.

ही परीक्षणं मराठीत भाषांतर करून छापता येतील का?

लेखक कोण, त्यावर आहे. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतो, भारतात ६०. शॉर्टर १९२६मध्ये गेले, ग्राइन १९३५मध्ये, एगेट १९४७मध्ये, म्हणजे हे तिघे मोकळे. स्क्वायर १९५८मध्ये गेले, ब्रिटनमध्ये २०२८च्या अखेरीपर्यंत थांबावं लागेल. बोवेन १९७३मध्ये गेल्या, तिथे २०४३ संपेपर्यंत परवानगी हवी. निनावी मजकुराला ब्रिटनमध्ये छापल्यापासून ७० वर्षं धरतात. फोटोंचा हक्क वेगळा, त्याची चौकशी स्वतंत्रपणे करा.

सुरुवात कुठल्या अंकांपासून करू?

ऑगस्ट-सप्टेंबर १९१६. एकीकडे ‘बॅटल ऑफ द सोम’, दुसरीकडे ‘चू चिन चौ’, दोन्ही दहा दिवसांच्या अंतरानं लागलेले. ‘स्फिअर’, ‘टॅटलर’ आणि ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ तिन्ही शेजारी-शेजारी उघडा आणि कोणी कशाला किती जागा दिली ते मोजा. ते झालं की जुलै १९४१वर, ‘ब्लाइद स्पिरिट’च्या महिन्यावर, या.